पौषातलं अंदमान

आमच्यात पौषात लग्न लागत नाही. माणसांवरचा विश्वास मी बऱ्याच आधी आवरता घेतला होता, पण पंचांगावर ठेवला, आणि तिथंच फसले.

आईचं सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. माझी आई धवलारीण. पनवेल-उरणकडच्या आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, अक्षता पडतात, सगळं होतं. पण मांडव उभारल्यापासून नवरी घरात येईपर्यंतचं प्रत्येक काम धवलारणीच्या गाण्यानं पुढं सरकतं. देवांना आवतण द्यायचं गाणं वेगळं, हळदीचं वेगळं, तेलाचं वेगळं. ही गाणी तिनं कुठं वाचली नाहीत, तिला वाचता येत नाही. तिच्या आत्याच्या मागं बसून तिनं ती उचलली. ती उचलायला मी आईच्या मागं कधी बसले नाही, कारण मला शाळेत जायचं होतं, आणि पुढं नवीन पनवेलच्या एका शाळेच्याच ऑफिसात नोकरी करायची होती.

धवलारणीला एक बंधन असतं. पानसुपारी हातात घेतली की मागं फिरायचं नाही. लहानपणी मी आईला तापानं फणफणत लग्नाला जाताना पाहिलंय. दिवसभर मिठागरात मीठ ओढायचं, संध्याकाळी अंग धुऊन कोणाच्या तरी मांडवात जाऊन बसायचं. तिच्या गळ्यात सरस्वती आहे म्हणून लोक तिचं कौतुक करायचे. तिच्या पायांच्या भेगांबद्दल कोणी काही म्हणत नसे.

तीन वर्षांपूर्वी मी तिला पनवेलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ती पायऱ्या चुकायला लागली होती, आणि कपात चहा ओतताना तो बशीत उतरला तरी थांबायची नाही. नंबर यायची वाट बघत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही होता आणि त्यावर अंदमानची बेटं दाखवत होते. हिरवंनिळं पाणी, पांढरी वाळू, आणि एक होडी, जिच्या तळाला काच बसवलेली. माणसं दोन्ही बाजूंना बसून त्या काचेतून खाली बघत होती. आई उठली आणि टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मागच्यांना काही दिसेना. कोणीतरी "ओ आजी, बाजूला व्हा" म्हणालं. ती हलली नाही.

"ह्या खरा हाय?" तिनं परत येऊन मला विचारलं. "पान्याचा तल असा दिसतंय?"

"खरा हाय," मी म्हटलं. आईशी बोलताना माझी जीभ आपोआप घरची होते.

"आमचा जलम खाडीन गेला. चिंबोऱ्या धरल्या त्या पन पायानं चाचपून. खाली काय हाय ते डोल्यानं कवा बगला नाय."

आमच्या खाडीचं पाणी गढूळ. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी आपलीच बोटं दिसत नाहीत. पायाखाली दगड आहे, शिंपला आहे की चिंबोरीचं बीळ, हे तळव्यालाच कळायचं, आणि आईच्या तळव्याला ते बरोबर कळायचं. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. म्हणून त्या दिवशी ती जे बोलली त्यानं मी जरा चपापले.

आत गेल्यावर डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू निघाला, तोही पुढं गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी धरून ठेवायची, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, मधे पाच मिनिटं सोडून, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना काही बघायचं असेल तर दाखवून घ्या, पुढं ढकलू नका.

 रिक्षात आई म्हणाली, "बाय, मना त्या होडीन एकदा बसाचा हाय. डोले हायेत तवर."

माझ्या आईनं मला आयुष्यात एक लुगडंसुद्धा मागितलेलं नाही. मी हो म्हटलं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

घोडं कुठं अडलं ते आता सांगते. अंदमानच्या त्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. समुद्र उघडतो दिवाळीच्या सुमाराला आणि मे संपेपर्यंत तसाच राहतो. आमच्याकडची लग्नंही तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतात आणि पाऊस येईपर्यंत चालतात. म्हणजे जेव्हा समुद्र मोकळा, तेव्हा धवलारीण मोकळी नाही, आणि धवलारीण मोकळी होते तेव्हा समुद्र खवळलेला. आईकडे वर्षभर आधी सुपाऱ्या येऊन पडलेल्या असत. तिला तारखा वाचता येत नाहीत, पण कुठल्या गावात कोणत्या तिथीला कोणाचं लग्न, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. ती बोटांवर मोजायची आणि मान हलवायची.

मधे फक्त एक फट होती. पौष. पौषात आमच्यात कोणी लग्न काढत नाही, वाड्यावस्त्यांवर सगळं थंड असतं. "पौषान जाव," आई म्हणाली, आणि आमचं ठरलं.

पहिला पौष मी घालवला. हे मी कोणाला सांगत नाही, इथं सांगते. माझ्या मुलीची बारावीची पूर्वपरीक्षा होती. नवरा म्हणाला, तू जा, मी बघतो. त्याच्या बघण्यावर माझा भरवसा नव्हता, कारण तो घरात असला की दूध उतू जातं. आई लगेच म्हणाली, "पोरीचा शिक्शान पयला. होडी काय, पुरचे वरसाला." मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर मुलीनं ती सगळी परीक्षा मैत्रिणीच्या घरी राहून दिली आणि मी सुकापूरच्या फ्लॅटमध्ये बसून तिच्यासाठी करून ठेवलेले डिंकाचे लाडू स्वतःच खाल्ले. डॉक्टर म्हणाले होते पुढं ढकलू नका. पहिली ढकलणारी मीच.

दुसऱ्या वर्षी मात्र मी पदर खोचला. दोनशे पानी वही आणली आणि गणपती झाल्यापासून तिच्यात लिहायला लागले. थेंबांच्या बाटल्या थंड ठेवाव्या लागतात, तर विमानात बर्फाची पिशवी चालते का. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर व्हीलचेअर कुठल्या दारापाशी मिळते. हॉटेलची खोली तळमजल्यावरची, संडासाला धरायला दांडा असलेली. सुकी मासळी न्यायची की तिथं मिळते. काचेच्या तळाची होडी कुठल्या जेट्टीवरून सुटते, पाणी सर्वांत स्वच्छ कधी असतं, सकाळची फेरी बरी की दुपारची. त्या होडीवाल्यांना मी इतके फोन केले की ते मला आवाजावरून ओळखायला लागले. जेट्टीवरून होडीत उतरायला पायऱ्या किती, हे विचारलं तेव्हा पलीकडचा माणूस हसला, पण दुसऱ्या दिवशी मोजून त्यानं कळवलं. तेही लिहून ठेवलं.

शाळेत सगळे मला चिडवायचे. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, एवढी तयारी तुम्ही दहावीच्या निकालाची करत नाही. मी हसून घेतलं. मला खरोखर आनंद झाला होता, इतका की मी नोकरीला लागले तेव्हाही झाला नव्हता.

दादाला मात्र मी सांगितलं नाही. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आई त्याच्याकडेच असते. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्या बदल्यात सरकारकडून साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावर त्यानं तीन मजली घर बांधलं आणि समोर सिंह बसवले. तो वाईट माणूस नाही. पण त्याला कुठं जायचं असं कळलं की तो भावकी गोळा करतो. मागं एकदा मी आईला देवीला नेते म्हटलं, तर जाताना दोन बस झाल्या, एका बसमध्ये फक्त भांडी आणि कोंबड्या. आईला देवीचं दर्शन झालंच नाही, ती चुलाण्यापाशी कांदे चिरत बसली. अंदमानला मला कोंबड्या न्यायच्या नव्हत्या. म्हणून तिकिटं काढली ती गुपचूप, दोघींचीच, पौषाच्या ऐन मध्यावरची. जायच्या आठ दिवस आधी सांगू, तेवढ्यात काय होतंय, असा माझा हिशोब. पौषात कोणाचं काही निघत नाही, ही माझी खात्री.

आणि माशी शिंकली.

दादाचा मुलगा जहाजावर असतो. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात, मग घरी. त्याचं लग्न ठरलेलंच होतं, वैशाखात करायचं होतं. पण कंपनीनं त्याला लवकर परत बोलावलं. एका संध्याकाळी मी आईचे थेंब घालायला गेले तर घरात पेढे. दादा म्हणाला, तारीख काढली. कोन गावातल्या लॉनवर तेवढे दोनच दिवस मोकळे मिळाले.

तारीख ऐकताच मी म्हटलं, "दादा, पौष हाय."

"काढीव मुहूर्त," तो म्हणाला. "भटजीनं काढून दिला. अडचन असली का चालतंय."

अडचण असली की चालतं. आमच्या आजोबांच्या वेळी पौषात कोणी लग्नाचं नाव काढलं असतं तर म्हाताऱ्यांनी त्याला गावकीत बोलावून झाडलं असतं. आता लॉनला सुट्टी नसते, म्हणून पंचांगालाही नाही. आमची तिकिटं बरोबर हळदीच्या दिवसाची होती.

मग मला सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं, टीव्हीपासून डॉक्टरांपर्यंत. दादा जेवत होता. त्यानं घास थांबवला नाही.

"मना आदी सांगाला काय झाला होता?" तो म्हणाला. यात तो बरोबर होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मग त्यानं भाताला आमटी ओढून घेतली आणि म्हणाला, "अंदमान काय पळून जातंय? आनि तिला दिसतंय कुठं, तिकरं जाऊन करंल काय?"

आई तिथंच बसली होती. आंधळी व्हायला लागलेली माणसं बहिरीही असतात असं पुष्कळ जणांना वाटतं.

मी आईकडे वळले. तुझ्या मनात काय ते तू सांग, म्हटलं. मला वाटलं होतं की एकदा, फक्त एकदा, ती स्वतःचं म्हणेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नातवाचे लग्नाला दुसरी धवलारीन आनली त लोकं माजे तोंडान शेन घालतील."

"कोण लोकं?" मी विचारलं. "कुठली लोकं आई? नावं सांग."

 घरच्या लग्नाला कोणी सुपारी देत नाही, तिच्या हातात कोणी पान ठेवलं नव्हतं, तरी ती बांधलेली होती. मी उठले. जाताना वहिनी म्हणाली, अहो वन्सं, पेढा तरी घ्या.

त्यावर आणखी एक घडलं. भाचा म्हणाला, आत्या, नाहीतरी आम्हाला हनिमूनला कुठं तरी जायचंच आहे, तुझं हॉटेलचं बुकिंग आठवडाभर पुढं करून देतील का? जो माणूस वर्षातले नऊ महिने समुद्र बघतो त्याला मधुचंद्राला समुद्रच हवा होता. मी नाही म्हणणार होते. पण आईच म्हणाली, "दे त्याना. वहीन सगला लिवलेला हाय. वाया नको जाव." मी वही दिली.  तो म्हणाला, आत्या, ही वही म्हणजे कमाल आहे.

मी रुसले. पन्नाशीला आलेली बाई रुसली म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसरा शब्द नाही. लग्नाच्या आधीचे पाच दिवस मी त्या घरी पाऊल ठेवलं नाही. शाळेत काम आहे असा निरोप दिला. थेंब सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर मीच घालायचे, कारण आईचा हात कापतो आणि औषध गालावर जातं. माझ्या मनात आलं, बघू दे त्यांना, घालतील कोणीतरी. घरभर पाहुणे आहेत, सुना आहेत, जावा आहेत. एकदा त्यांनाही कळू दे.

लग्नाच्या दिवशी मी गेले. देवांना बोलवायची वेळ झाली तेव्हा आईला मांडवात चौरंगाजवळ बसवलं. हिरवं लुगडं, नाकात नथ, केसांत अबोली. तिनं गळा मोकळा केला आणि सुरू झाली. गावदेवी, वेशीवरचा देव, समुद्राकडचा देव, एकेकाला नाव घेऊन हाक मारायची, वाट कुठून कशी ते सांगायचं, आणि तो आला असं मानून पुढच्याकडे वळायचं. त्यात विमानतळासाठी उठवलेल्या आमच्या गावाच्या देवाची वाटही असते. ज्या बांधावरून तो येतो तो बांध आता भरावाखाली आहे, पण आई त्याला अजून त्याच वाटेनं आणते.

तिसऱ्या देवापाशी ती आली असेल नसेल, तर पलीकडे डीजेवाल्यानं आवाज तपासायला घेतला. हॅलो, चेक, हॅलो. पायाखालची जमीन हादरत होती. आईनं आवाज चढवला. वहिनी वाकून तिच्या कानात म्हणाली, आई, जरा शॉर्टमध्ये घ्या, पोरीकडची मंडळी निघालीत. आईनं दोन देव गाळले. ती देव गाळते आहे हे त्या मांडवात फक्त मला कळलं.

मग व्हिडिओवाला आला. "आजी, एकच ओळ परत म्हणा, रील करायचंय. कॅमेऱ्याकडे बघा." आईनं हसून वर पाहिलं. कॅमेरा डावीकडे होता, ती उजवीकडे बघत होती. "आजी, इकडे, इकडे." तिनं मान आणखी उजवीकडे नेली. पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, आजी लाजली. मी पुढं झाले आणि तिची हनुवटी धरून कॅमेऱ्याकडे वळवली. तिची कातडी गरम होती. मी हळूच विचारलं, "थेंब घातलं का कोनी?"

"लगनाचे घरान कोनाला वेल हाय, बाय," ती म्हणाली. "एकदा घातल्यान. मना वाटला तू येशील."

पाच दिवस. दहा वेळा. त्यातली एक.

त्या पाच दिवसांनी काही फरक पडला का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं.  म्हणाले, हा आजार असाच असतो, आधीच पुढं गेला होता. मग कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावते. कधी तो माझ्या बाजूनं लागतो, बहुतेक वेळा लागत नाही. दादाला हे मी सांगितलेलं नाही. त्याला मी बरंच काही सुनावलंय, पण हे नाही. त्याच्यावर रागावायला मला जागा हवी आहे.

भाचा आणि त्याची बायको अंदमानला जाऊन आली. तळमजल्यावरची खोली त्यांनी बदलून वरची घेतली. आल्यावर सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवले. मी विचारलं, काचेच्या होडीत बसलात का? तो म्हणाला, "नाही गं आत्या, ते म्हाताऱ्यांसाठी असतं. आम्ही स्कूबा केलं, डायरेक्ट खाली." मग तो आजीजवळ बसला आणि मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "आजी, बघ पाणी." पोरगा प्रेमानंच करत होता, म्हणून मला त्याला काही बोलताही आलं नाही. आईनं मोबाइलवर हात फिरवला आणि म्हणाली, "झ्याक हाय रे बाला." तिच्यासाठी त्यानं एक मोठा शंख आणला होता. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, आत बोट घातलं, नाकाशी नेला. "धुतलेला हाय," ती म्हणाली, आणि कपाटावर ठेवायला दिला.

शिमग्यानंतर उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यात फट उरली होती, ती आषाढापर्यंत टिकली. आता उजेड आणि अंधार एवढं कळतं. सुपाऱ्या यायच्या बंद झाल्या. धवलारणीला गायला डोळे लागत नाहीत, सगळं तिच्या डोक्यात आहे. पण लग्नाच्या कामात आंधळी बाई पुढं बसवायची म्हटलं की लोकांना कसंसंच होतं. ज्या लोकांच्या तोंडाला ती भीत होती, तीच ही लोकं. म्हणजे आता मार्गशीर्षात ती मोकळी, माघात मोकळी, फाल्गुनात मोकळी. अख्खा समुद्र उघडा असेल तितके दिवस ती मोकळी.

यंदा गौरी गेल्या आणि दादा माझ्याकडे आला. सुकापूरला तो फारसा येत नाही, आमचा जिना त्याला चढवत नाही. धापा टाकत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "या पौषान आईला अंदमानला न्यायचा. सगली जाव. मी बगतंय सगला." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला चहा दिला. मला त्याची दया आली नाही, आणि आली नाही म्हणून स्वतःची चीड आली. एवढंच म्हटलं, आईला विचार.

त्यानं विचारलं. आई म्हणाली, "कसाला? तितं पन मना पायानंच चाचपाला लागंल. त्याला हितली खाडी काय वायट होती?"

खाडी आता तिथं नाही हे तिला ठाऊक आहे. 

परवा रविवारी मी तिच्याकडे गेले होते. थेंब अजून घालते. कशासाठी, ते डॉक्टरांनाही विचारत नाही. आम्ही गच्चीवर बसलो होतो. हल्ली विमानं घरावरून जातात, आणि विमान चढतंय की उतरतंय हे आई आवाजावरून सांगते. भाच्यानं वही परत केली होती, चहाच्या कपाचा गोल उठलेली. ती माझ्या पिशवीतच असते, टाकवत नाही. आई म्हणाली, "बाय, तुजी ती वही हाय? वाच."

मी वाचायला लागले. बर्फाची पिशवी. व्हीलचेअर. तळमजल्यावरची खोली, संडासाला दांडा. सकाळची फेरी बरी, वारा कमी असतो. एक विमान गेलं, ती थांब म्हणाली, ते गेल्यावर पुन्हा वाच म्हणाली. पानांमागून पानं मी वाचत गेले, तेव्हाच त्यात काय राहून गेलंय ते मला दिसलं, पण वाटलं तिच्या लक्षात येणार नाही. शेवटचं पान झालं.

"आनि खाली काय दिसतं, ते नाय लिवला?" तिनं विचारलं.

नव्हतं लिहिलेलं. माशांचे रंग, पोवळी, वाळू, काहीच नाही. इतके फोन केले, पण ते मी एकालाही विचारलं नव्हतं.

"ते तू बगनार होतीस," मी म्हटलं.

ती "हां" म्हणाली. थोडा वेळ तिनं तळवा फरशीवर घासला, चप्पल शोधत असल्यासारखा. मग म्हणाली, "होडीन उतराला पायऱ्या किती लिवल्यास?"

मी पान मागं उलटलं. "अकरा."

"लय नव्हत्या," आई म्हणाली.